गाडीतला दिवा विझवायची रीत

१

गाडीच्या छताला दोन भोकं पडली होती, आणि ती पहिल्यांदा दिसली माझ्या भाच्याला.

रविवारची सकाळ होती. भाचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, गाडीचे फोटो काढायला आला होता. आमची छोटी गाडी इमारतीच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. रंग राखाडी, पण हे त्याला पारव्याचा रंग म्हणायचे. हे गेल्याला वर्ष होत आलं होतं. गाडी मला चालवता येत नाही आणि वन्संनाही येत नाही. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, सगळा जन्म दवाखान्यात परिचारिका म्हणून काढला आणि निवृत्त झाल्यावरही आमच्याकडेच राहिल्या. आता घरात आम्ही दोघीच. उभी गाडी म्हणजे गंजणारं लोखंड, विकून टाक, असं भाच्याचं चाललं होतं. त्याने गिऱ्हाईकही शोधलं होतं, ते पुढच्या रविवारी यायचं होतं. डॉक्टरला आपण हो म्हणतो तसं मी हो म्हटलं होतं.

तो आत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"मावशी, दिवे कुठे गेले?"

छताला दोन दिवे होते. एक पुढे आरशापाशी, एक मागच्या सीटच्या वर. दोन्ही जागी आता चौकोनी भोकं आणि त्यातून लोंबणाऱ्या तारा. रेडिओ जागेवर होता. पुढच्या कप्प्यात ह्यांचा काळा चष्मा होता, आणि कप्पा उघडल्यावर लागतो तो इवलासा दिवाही शाबूत होता. दाराची कुलुपं धड होती. चोराने फक्त छताचे दिवे नेले होते, आणि तारांच्या टोकांना दवाखान्यात लावतात तसली पांढरी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती.

मी नीट बघायला हात आत घातला तर पत्र्याची धार बोटाला लागली. रक्त आलं. भाच्याने वर बघून हाक मारली, वन्सं खाली आल्या, जखम धुतली, पट्टी लावली. भोकांकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

भाचा म्हणाला, कुलूप फोडलेलं नाही म्हणजे किल्लीने उघडलंय. किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असते. रोज सकाळी ती कोण नेतं? गाडी पुसणारा. झालं तर मग.

गाडी पुसणाऱ्याला सगळे बादलीवाला म्हणतात. ह्यांच्या हाताखाली तो आमची गाडी पुसायला शिकला, आता इमारतीतल्या सगळ्या गाड्या त्याच्याकडे आहेत आणि त्यावरच त्याचं घर चालतं. मी "अरे थांब" म्हणेपर्यंत भाच्याने ही बातमी खालपासून वरपर्यंत पोचवली होती.

"त्यानं नेलेले नाहीत," वन्सं म्हणाल्या.

भाच्याने विचारलं, आत्या, तुम्हाला कसं माहीत. त्या म्हणाल्या, खोटं बोलणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत, त्यातला तो नाही. आणि चहा टाकायला वर निघून गेल्या.

संध्याकाळी बादलीवाला दारात उभा राहिला. आत आला नाही, एरवी यायचा. दोन घरांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं, बाकीचे रविवारपर्यंत बघू म्हणाले होते.

"बाई, चोर म्हणून या फाटकातून बाहेर पडलो तर दुसरं फाटक कुणी उघडायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही शोधून काढा. साहेब असते तर काढलं असतं."

२

खरं तर आमच्या घरात हरवलेल्या वस्तू वन्सं शोधतात. माझा चष्मा, ह्यांचं पाकीट, एकदा तर वॉर्डातले थर्मामीटर चोरणारा माणूस त्यांनी नुसत्या त्याच्या बुटांच्या आवाजावरून पकडला होता. ती गोष्ट त्या जेवताना इतक्यांदा सांगायच्या की हे ताट घेऊन खोलीत पळायचे. म्हणून मी वाट पाहत राहिले, की आता वन्सं कंबर कसतील. त्या विणकाम घेऊन बसल्या. मी विषय काढला तर म्हणाल्या, "जाऊ दे वहिनी. गाडीच जाणार, दिव्यांचं काय घेऊन बसलीस."

मला वाटलं, दमल्या असतील. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी जेवणाखाणाचं, औषधाचं, दळणाचं बोलतो. त्यांच्या डोळ्यांत मी एक टिपूस पाहिलं नव्हतं. ज्या दिवशी हे गेले त्या दिवशीसुद्धा येणाऱ्यांना पाणी त्याच देत होत्या आणि मला म्हणाल्या होत्या, "रडून कुणी परत येत नाही." त्या वाक्याने माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. संध्याकाळ झाली की मला घर खायला उठायचं, मग मी वाचनालयात जाऊन बसायचे. तिथे निदान सगळेच गप्प असतात.

तर शोधायचं माझ्यावरच आलं. किल्लीला हात लावू शकणारी माणसं मोजकी. मी पहिल्यांदा बादलीवाल्यालाच गाठलं. तो म्हणाला, त्या आठवड्याच्या सुरुवातीला त्याने गाडी आतून पुसली तेव्हा दिवे होते. चारी दारं सताड उघडी टाकून पुसतो, पण बॅटरी उतरता कामा नये ही साहेबांची ताकीद, ती आजही पाळतो. पट्टी पाहिलीस का, मी विचारलं. तो म्हणाला, बाई, चोर पळेल का तारांची मलमपट्टी करत बसेल?

हे मलाही पटलं होतं.

मग भाचा. त्याच्याकडे दुसरी किल्ली होती. ती कशाला घेतलीस म्हणून फोनवर विचारलं तर आधी नेटवर्क जायला लागलं, मग खोकला आला, आणि शेवटी खरं बाहेर पडलं. ते गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. त्याला एकदा गुपचूप गाडी दाखवून आणली होती. आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तू नाही म्हणाली असतीस.

"आणि दिवे?"

"मावशी, दिवे काढून मी माझ्याच मेव्हण्याला भोकं विकू का?"

तेही बरोबर. उलट त्यालाच दिव्यांची घाई होती. गिऱ्हाईक यायच्या आत भंगारबाजारातून जुने आणून बसवू म्हणाला, या गाडीचे नवे आता निघत नाहीत.

राहिली इमारतीच्या मागच्या अंगाला पहिल्या मजल्यावर राहणारी दातांची डॉक्टर. एकटी असते. ह्यांना दाढेचं दुखणं होतं तेव्हापासूनची ओळख. तिची गाडी आमच्यासारखीच, फक्त पांढरी, आणि अडीनडीला ह्यांनी तिला आमची किल्ली खिळ्यावरून घ्यायची मुभा दिली होती. मुख्य म्हणजे महिन्याभरापूर्वी तिच्या गाडीचा छताचा दिवा मोडला होता आणि ती तसा जुना दिवा शोधत होती. मी फाटकापाशी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दात दुखतोय म्हणून मी तिच्याकडे गेले. तिने तपासला आणि म्हणाली, काकू, हा दात माझ्यापेक्षा चांगला आहे, खरं काय ते बोला. मी बोलले. ती रागावली नाही. मला खाली घेऊन गेली, स्वतःची गाडी उघडून दाखवली. दिवा लागला. भंगारबाजारात एक चष्मेवाला आहे, त्याच्याकडून कधीचाच आणला होता. काच थोडी पिवळट, आमच्या दिव्यांच्या काचा पांढऱ्या स्वच्छ होत्या. तो आमचा नव्हता.

मी निघाले तशी तिने माझा हात धरला.

"काकू, एक विचारू? तुम्ही हल्ली गाडीत बसत नाही का?"

मला कळेना. मग ती सांगू लागली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची शेड दिसते. संध्याकाळी ती चहा करायला उभी राहिली की गाडीत दिवा लागलेला दिसायचा आणि मागच्या काचेतून एक डोकं. पांढरे केस. हलायचं नाही. बऱ्याच संध्याकाळी तिने ते पाहिलं. काका गेल्यावर काकू तिथे जाऊन बसतात हे समजून तिने खिडकीचा पडदा ओढून घ्यायला सुरुवात केली. एकदा नळाशी वन्सं भेटल्या तेव्हा तिने विचारलंही, की काकू बऱ्या आहेत ना, रोज गाडीत बसलेल्या दिसतात. वन्सं म्हणाल्या, बघते मी. त्यानंतर गाडीत दिवा दिसला नाही.

हे गेल्यापासून त्या रविवारपर्यंत मी गाडीला हातही लावला नव्हता.

३

मी तशीच शेडमध्ये गेले. आता मी गाडी वेगळ्या डोळ्यांनी पाहिली.

मागच्या सीटवर डाव्या बाजूला उशी होती. मी विणलेली, हिरवी. ती नेहमी मागच्या काचेखालच्या फळीवर असायची. कुणीतरी ती पाठीला घेतली होती. त्या बाजूच्या खिडकीची काच खाली होत नाही, तिचं हँडल कधीचंच तुटलंय. बंद गाडीत तिथे बसलं तर जीव घुसमटतो. म्हणजे बसणारं माणूस दार किलकिलं ठेवून बसत असणार. आणि दार उघडं असलं की छताचे दिवे लागतात, हे मला या गाडीबद्दल नक्की ठाऊक होतं. कप्प्यातल्या दिव्याचा दाराशी संबंध नाही. तो राहिला होता.

म्हणजे दिवे चोरीला गेलेच नव्हते. कुणाला तरी अंधार हवा होता.

पण कुणाला? आणि वन्संनी मला काहीच कसं विचारलं नाही? मी स्वतःशीच उत्तर दिलं, की मी गाडीत बसून रडते असं त्यांना वाटलं असेल, आणि मला बोलकं करायला नको म्हणून त्या गप्प राहिल्या असतील. हे उत्तर मला पुरलं, कारण मला ते पुरायला हवं होतं.

रात्री जेवताना मी बोलून गेले, की उद्या भंगारबाजारात जाऊन जुने दिवे बघते. वन्संनी घास खाली ठेवला. तुझे गुडघे दुखतात, मी जाते, म्हणाल्या. आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून जाऊन दोन दिवे घेऊन आल्या. भाच्याने येऊन बसवले. दार उघडलं. दिवे लागले नाहीत. त्याने उघडून पाहिलं तर आतली पितळी पट्टी गंजून हिरवी झालेली. म्हातारी बाई बघून गळ्यात मारले, असं तो बराच वेळ बोलत राहिला.

"जुन्या वस्तूत असं व्हायचंच," वन्सं म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ही बाई जन्मात कुणाकडून फसली नव्हती. भाजीची जुडी चारदा झटकल्याशिवाय घेत नाही, बल्ब घेतला तर दुकानात लावून बघते, मग दुसरा लावून बघते, मग पहिलाच घेते. आणि हे दिवे तिने लावूनसुद्धा पाहिले नव्हते?

दुसऱ्या दिवशी ते दिवे पिशवीत घालून मी स्वतः निघाले. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. मी सांगून गेले नाही.

४

भंगारबाजारात मी पूर्वी एकदाच गेले होते, ह्यांच्याबरोबर, आरसा घ्यायला. तेव्हा त्यांनी मला एका दुकानापुढे स्टुलावर बसवलं आणि स्वतः आत दिसेनासे झाले. परत आले तेव्हा आरशाबरोबर दोन उपयोग नसलेल्या वस्तू होत्या आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आता गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची दारं पुस्तकांसारखी उभी लावून ठेवली होती, आणि ती ओलांडताना मला सारखं वाटत होतं की कुठल्या तरी दारामागून हे बाहेर येतील.

चष्मेवाला लगेच सापडला. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. त्याच्यामागे भिंतभर खोके होते. एकात नुसत्या मुठी, एकात आरसे, एकात छताचे दिवे. आमच्या गाडीचं नाव सांगताच त्याने खोक्यात हात घालून न बघता तसेच दोन दिवे काढले. मी म्हटलं, लावून दाखवा. त्याने काउंटरवरच्या बॅटरीला तारा टेकवल्या. पिवळा उजेड पडला.

मग त्याने काचेची एक कड अंगठ्याने दाबली. दिवा विझला.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

त्याला वाटलं मी तक्रार करतेय. तो समजावू लागला, याला वेगळं बटण नसतं, काच हेच बटण. पुढची कड दाबली की दिवा सतत लागलेला. काच सपाट असली की दाराबरोबर लागतो, दाराबरोबर विझतो. मागची कड दाबली की दार सताड उघडं टाका, लागणार नाही. गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं, बाई. पुसणाऱ्यांना तर आधी.

मी स्टुलावर बसले. माझ्या डोळ्यांपुढे ह्यांचा हात आला. गाडीत बसलं की तो हात वर जायचा आणि तिथे काहीतरी करून खाली यायचा. मी कधी विचारलं नाही. आम्हा दोघींना एकच ताकीद होती, त्या काचेला हात लावायचा नाही, तुटली तर मिळत नाही, आणि बॅटरी उतरली तर ढकलायला कोण येणार आहे. इतकी वर्षं त्या गाडीत बसले आणि तो दिवा विझवता येतो हे मला माहीत नव्हतं.

आता सगळं एका ओळीत उभं राहिलं. ज्याला अंधार हवा होता त्याने नुसती काच दाबायची होती. बादलीवाला दारं उघडी टाकून गाडी पुसतो आणि बॅटरी उतरू देत नाही, म्हणजे तो दर वेळी काच दाबतो. भाचा गाडी चालवतो. दातांच्या डॉक्टरकडे तोच दिवा आहे. यांच्यापैकी कुणीही दिवा उपटून काढायचं कारण नाही. दिवा उपटला तो अशा माणसाने, ज्याला तो विझवायची रीतच ठाऊक नव्हती. अशी माणसं या घरात दोनच. त्यातली एक मी.

चष्मेवाला माझी पिशवी उघडून जुने दिवे बघत होता.

"हे परत आणलेत होय?" तो म्हणाला. "मी त्या बाईंना तेव्हाच सांगितलं, तेवढ्याच पैशात चालू घ्या. ऐकेनात. बंदच हवेत म्हणाल्या. इतकी वर्षं बसलोय इथे, बंद दिवा मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं."

५

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. बोटावरची पट्टी मळली होती, ती काढायला घेतली. नखाने टोक शोधायचंही काम पडलं नाही. पट्टीचं शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं, चिमटीत धरून ओढता यावं इतकंच. वन्सं नेहमी अशीच लावतात. पुढच्या माणसाने काढताना रुग्णाला दुखू नये म्हणून, असं त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं. आणि मला लोंबणाऱ्या तारा आठवल्या. त्यांच्या पट्टीचीही टोकं अशीच दुमडलेली होती. मी ती पाहिली होती, बोट कापायच्या आधी. पाहिली होती आणि काहीच बोध घेतला नव्हता.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. वन्सं म्हणाल्या, आज वाचनालय नाही वाटतं? मी म्हटलं, निघालेच. पिशवी घेऊन बाहेर पडले आणि फाटकाशी जाऊन, बाहेर न जाता, भिंतीच्या कडेला उभी राहिले. थोड्या वेळाने त्या खाली आल्या. हातात किल्ली. शेडमध्ये गेल्या, मागचं डावं दार उघडलं, आत बसल्या. पाय बाहेरच. चपला काढून शेजारी ठेवल्या. दिवा लागला नाही.

मी दुसऱ्या बाजूने जाऊन दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

त्या दचकल्या नाहीत. परिचारिका सहसा दचकत नाहीत. चेहरा फक्त पलीकडे वळवला. तो ओला होता.

मग मी म्हटलं, "चष्मेवाला म्हणतो, बंद दिवा मागणारं तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक."

त्यांना हसू आलं, आणि हसता हसता ते फिसकटलं.

"दवाखान्यातून सुटले की दादा न्यायला यायचा," त्या म्हणाल्या. "एखाद्या दिवशी वॉर्डात कुणी गेलेलं असायचं. लहान मूलसुद्धा. वॉर्डात रडता येत नाही, वहिनी, बाकीचे पेशंट बघत असतात. मी इथे बसायची, दार उघडं टाकून, पाय बाहेर. दादा पुढे आणि मागे, दोन्ही दिव्यांकडे हात न्यायचा आणि अंधार व्हायचा. काही विचारायचा नाही. माझं झालं की मी पाय आत घ्यायची, तो गाडी चालू करायचा."

त्या दिवसांत मी घरी जेवण पुन्हा पुन्हा गरम करायचे. भाऊ-बहीण एवढा वेळ काय बोलत असतील म्हणून माझा जीव थोडा थोडा जळायचा. ते काहीच बोलत नव्हते हे मला त्या संध्याकाळी कळलं.

पुढचं मी विचारून विचारून काढलं. हे गेल्यावर त्या इथे येऊन बसू लागल्या, मी वाचनालयात गेले की. दिव्याकडे लक्षच नव्हतं. नळाशी डॉक्टरने विचारलं तेव्हा त्यांना कळलं की आपण दिसतो. ज्या बाईने सगळ्यांना, मला, रडून कुणी परत येत नाही असं सांगितलं, ती रोज संध्याकाळी काचेच्या पेटीत बसल्यासारखी रडताना दिसते. मग त्यांनी वर हात नेला. दादा काय करायचा ते, बाहेर तोंड करून बसल्यामुळे, कधी दिसलं नव्हतं. त्यांना वाटायचं तो दिवा काढूनच ठेवतो. त्यांनी ओढला. हातात आला, काच तडकली. पुढचा तरी जळतच होता, तोही ओढला. परत बसवता येईना. उघडी तार म्हणजे उघडी जखम, म्हणून पट्टी लावली.

"आणि बादलीवाला?"

"त्याला मी दुसऱ्याच दिवशी भेटले. रविवारच्या आत तुझं नाव धुऊन देते म्हटलं. दिवे बसले की लोक विसरतील असं वाटलं होतं मला." त्यांनी पायाने चपला जवळ ओढल्या. "लोक दिवे विसरतात, वहिनी. चोर नाही विसरत. उद्या सकाळी घरोघर जाऊन सांगते."

"काय सांगणार?"

"झालं ते. गाडीत बसून रडत होते, दिवा नको होता, म्हणून उपटला."

हे त्यांना किती जड जाणार होतं ते मला ठाऊक होतं. मी येते बरोबर म्हटलं. नको म्हणाल्या, मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ये.

६

सकाळी आम्ही दोघी एकेका दारात उभ्या राहिलो. वन्सं तेच वाक्य प्रत्येक दारात सांगत होत्या, औषधाचा डोस सांगावा तसं, कमी नाही जास्त नाही. कुणी हसलं नाही. ज्यांनी बादलीवाल्याला येऊ नको म्हटलं होतं त्यांनी स्वतः जाऊन त्याला बोलावलं. तो आला, आधी आमची गाडी पुसली आणि मग मी चष्मेवाल्याकडून आणलेले चालू दिवे बसवून दिले. पैसे घेईना. म्हणाला, साहेबांनी शिकवलेलं कामच केलंय.

भाच्याला मी फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, मावशी, तुम्हा दोघींना चालवता येत नाही, ती नुसती उभी राहणार. मी म्हटलं, उभीच हवी आहे. मेव्हण्याला काय सांगू म्हणाला. मी म्हटलं, दिवे मिळाले नाहीत म्हणून सांग.

संध्याकाळी मी वाचनालयात गेले नाही. आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो, मधे ती हिरवी उशी. पुढचा दिवा मी बसतानाच दाबून विझवला होता. वन्संचं दार किलकिलं होतं आणि डोक्यावर मागचा दिवा जळत होता. मी म्हटलं, मागची कड, हळू दाबा, तुटली तर मिळत नाही. त्यांनी वर हात नेला. अगदी ह्यांच्यासारखा, कोपर बाहेर काढून. अंधार झाला.

त्या अंधारात मी पहिल्यांदा रडले, ह्यांच्यासाठी, आवाज करून. वन्सं काही म्हणाल्या नाहीत. त्यांचं त्या करत होत्या.

समोर डॉक्टरच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. चहाची वेळ झाली होती. वन्संनी पदराने तोंड पुसलं, पुन्हा वर हात नेला आणि काचेची पुढची कड दाबली. भकन उजेड पडला. एकमेकींचे सुजलेले डोळे बघून आम्हाला दोघींनाही हसू फुटलं.

"बॅटरी उतरेल," मी म्हटलं.

"उतरू दे," वन्सं म्हणाल्या.